टॅली प्राइमचं फुकट एज्युकेशनल मोड: बीकॉमच्या मार्कांसाठी खरंच कामाचं आहे का?

बारावीचे निकाल लागून ॲडमिशन्स झाल्या की मला ठरलेले फोन येतात, कधी मुलाचा कधी त्याच्या आईचा, की ताई लॅपटॉप घेतलाय किंवा मामाने जुना दिलाय, त्यात टॅली (हिशोब ठेवायचं सॉफ्टवेअर) टाकून देऊ का, अकाउंट्सला मार्क चांगले पडतील ना. हे फोनवर दोन वाक्यात सांगून होत नाही म्हणून इथे एकदाच नीट लिहितेय. मी रत्नागिरीत एका टॅक्स कन्सल्टंटकडे काम करते, दिवसभर टॅलीच समोर असतं, आणि संध्याकाळी बीकॉम, बॅफ (अकाउंटिंग अँड फायनान्सची डिग्री), बीएमएसची (मॅनेजमेंटची डिग्री) मुलं माझ्याकडे अकाउंट्सला येतात, कोण पावसहून, कोण पालीहून, कोण लांज्याहून एसटीने. त्यामुळे ऑफिसात चालणारं अकाउंट्स आणि पेपरात विचारलं जाणारं अकाउंट्स दोन्ही रोज बघायला मिळतं आणि या दोघांत अंतर किती आहे तेही दिसतं.

आधी माझं मत सांगते. सॉफ्टवेअर म्हणून एज्युकेशनल मोडला मी पाचपैकी साडेचार देईन, फुकट आहे, नेट लागत नाही, आणि धंद्यात जे वापरतात तेच हुबेहूब हातात मिळतं. पण मार्क वाढवायचं साधन म्हणून सगळा खेळ क्रमाचा आहे. आधी वहीत हाताने सोडवून मग टॅलीत टाकणाऱ्याला भरपूर फायदा होतो, आणि जो आधी टॅली शिकून मग वहीकडे येतो त्याचे मार्क उलट कमी पडतात हे मी अनेक मुलांच्या बाबतीत बघितलंय. हुशार मुलांच्याही.

आता हे मोड म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. कंपनीच्या वेबसाइटवरून टॅली प्राइम डाउनलोड करायचं, चालू केलं की ते लायसन्सचं विचारतं, तिथे एज्युकेशनल मोड निवडायचं, झालं. लायसन्स विकत घ्यायची गरज नाही. जवळपास सगळं चालतं, लेजर (खातं) बनवा, व्हाउचर (व्यवहाराची नोंद) टाका, स्टॉक ठेवा, जीएसटी लावा, ताळेबंद बघा. अडचण एकच पण मोठी, व्हाउचरची तारीख महिन्याची १, २ आणि ३१ एवढीच घेतं. म्हणजे पुस्तकातल्या गणितात १२ एप्रिलला माल घेतला असेल तर १२ एप्रिल टाकताच येत नाही. बरीच मुलं इथेच कंटाळून बंद करतात, त्यावर काय करायचं ते पुढे सांगते.

आपल्याकडे नेट लागत नाही ही गोष्ट किती मोठी आहे हे पुण्या-मुंबईच्या लोकांना कळणार नाही. जुलैच्या पावसात झाड पडून लाइट गेली की टॉवरसुद्धा जातो, खाडीपलीकडच्या गावात तर एरवीही रेंजसाठी कातळावर जाऊन उभं राहावं लागतं. २०२० मध्ये कॉलेजं ऑनलाइन झाली तेव्हा आणि मग २०२१ ला मे महिन्यात तौक्ते आणि जुलैमध्ये चिपळूणचा पूर, त्या सगळ्या काळात ज्या मुलांचा अभ्यास फक्त व्हिडिओवर उभा होता त्यांचा अभ्यास नेटबरोबर बंद पडायचा. टॅली एकदा टाकलं की लॅपटॉपला चार्जिंग आहे तोवर चालतं. वाडीतल्या मुलीला रात्री दहा वाजता पाऊस कोसळत असताना स्वतःची बॅलन्स शीट बघता येते हे मला फार महत्त्वाचं वाटतं, या एका कारणासाठीच मी एक स्टार वेगळा दिला असता.

भाषेचंही बरं आहे. स्क्रीन मराठीत करता येते, त्यामुळे बारावीला पुस्तपालन मराठीतून करून आलेल्या मुलांना पहिले काही आठवडे धीर येतो. पण पेपर इंग्रजीतून लिहिणार असाल तर महिन्याभरात इंग्रजीवर या, कारण परीक्षेत शब्द आठवायला वेळ गेला तर शेवटचा प्रश्न राहून जातो.

आता मार्कांचा मुद्दा, यासाठीच एवढं लिहितेय. टॅलीत तुम्ही एफ ९ दाबून परचेसची एन्ट्री टाकता, कंट्रोल ए दाबता, आणि त्या क्षणी खतावणी झालेली असते, ट्रायल बॅलन्स तयार असतो, ताळेबंदसुद्धा बदललेला असतो. दुकानदाराला हेच हवं असतं. भारत गोएंका आणि त्यांचे वडील श्यामसुंदर गोएंका यांनी १९८६ मध्ये ही कंपनी सुरू केली ती मुळात वडिलांना स्वतःच्या धंद्याचे हिशोब ठेवायला मनासारखं सॉफ्टवेअर मिळत नव्हतं म्हणून. म्हणजे हे धंदेवाल्यासाठी बनलंय, त्याला मधल्या पायऱ्या बघायच्याच नसतात. परीक्षेत मात्र नेमक्या त्या मधल्या पायऱ्यांनाच मार्क असतात. जर्नल लिहा, लेजरला पोस्ट करा, बॅलन्स काढा, वर्किंग नोट्स दाखवा. जे काम टॅली लपवून करतं तेच पेपर तपासणारे सर शोधत असतात.

एक मुलगी माझ्याकडे आली होती, बारावीनंतरच्या सुट्टीत टॅलीचा कोर्स केलेला, हात इतका जलद की आमच्या ऑफिसातले लोक थांबून बघायचे. पहिल्या सेमला अकाउंट्समध्ये काठावर पास. तिला कळेनाच काय झालं, मला म्हणाली, "ताई, मला तर सगळं येतं ना गो." आणि येत होतंच तिला, फक्त मशीनरीचं अकाउंट कोऱ्या कागदावर टी फॉर्मॅटमध्ये मांडायला सांगितलं तर डावीकडे काय आणि उजवीकडे काय लिहायचं इथे हात थांबायचा कारण ते तिने कधी केलंच नव्हतं. टॅलीतलं लेजर वेगळं दिसतं, एका खाली एक ओळी आणि बाजूला डेबिट-क्रेडिटचे दोन रकाने. तिला आम्ही फक्त एवढंच करायला लावलं की आधी वही, मग टॅली, आणि उत्तर जुळलं नाही तर चूक वहीत शोधायची, तिथेच लाल पेनाने खूण करायची. पुढच्या सेमला तिचा पेपर खूपच सुधारला. हुशारी तीच होती, लॅपटॉप तोच होता.

दुसरी एक गोष्ट मुलांना सांगून पटत नाही, दाखवावी लागते. टॅली डेबिट आणि क्रेडिट समान नसलेलं व्हाउचर घेतच नाही. त्यामुळे तेरीज (ट्रायल बॅलन्स) नेहमी जुळते आणि मुलाला वाटतं आपलं बरोबर आलं. पण तेरीज जुळणं आणि हिशोब बरोबर असणं यात फरक आहे, तो तुम्ही ग्रुप (खात्याचा प्रकार) चुकीचा दिला की दिसतो. टॅलीत आधीपासून २८ ग्रुप असतात आणि लेजर दोनच, कॅश आणि प्रॉफिट अँड लॉस, बाकी सगळं तुम्हीच बनवायचं आणि प्रत्येक लेजर कुठल्या ग्रुपात बसतं ते तुम्हीच ठरवायचं. मी मुलांना मुद्दाम चूक करायला लावते. कॅरेज इनवर्ड (माल आणायचं भाडं) ४,००० रुपये, हे डायरेक्ट एक्सपेन्सेसमध्ये टाकायचं तर मी सांगते इनडायरेक्टमध्ये टाक. आता नफातोटा उघड. ग्रॉस प्रॉफिट ४,००० ने वाढला, नेट प्रॉफिट जागेवरच. मग ग्रुप बदलून परत बघ. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की ट्रेडिंग अकाउंटमध्ये काय जातं आणि पी अँड एलमध्ये काय जातं हे पाठ करावं लागत नाही. ओपनिंग बॅलन्स टाकताना चूक झाली तर ताळेबंदात "डिफरन्स इन ओपनिंग बॅलन्सेस" अशी ओळ येते, ती ओळ आली की मुलांची तोंडं उतरतात पण मला आनंद होतो कारण आता खरा अभ्यास सुरू होणार.

ॲडजस्टमेंट्ससाठी तर याच्यासारखं दुसरं काही नाही. फायनल अकाउंट्समध्ये ट्रायल बॅलन्सच्या खाली जी यादी असते, आउटस्टँडिंग पगार, प्रीपेड विमा, डेप्रिसिएशन (घसारा), आरडीडी (बुडण्याची शक्यता असलेल्या येण्यांसाठीची तरतूद), त्या प्रत्येकाचे दोन इफेक्ट असतात आणि मुलं एक लिहून दुसरा विसरतात, आणि मग बॅलन्स शीट जुळत नाही म्हणून परीक्षेत वीस मिनिटं वाया घालवतात. टॅलीत एफ ७ दाबून जर्नल टाका, डेप्रिसिएशन डेबिट, मशीनरी क्रेडिट, आणि मग आधी पी अँड एल उघडा आणि मग बॅलन्स शीट उघडा, दोन्हीकडे काय हललं ते बघा. प्रत्येक ॲडजस्टमेंटनंतर थांबून बघायचं, सगळ्या एकदम टाकायच्या नाहीत. बघण्याआधी वहीच्या कडेला पेन्सिलने लिहायचं की माझ्या मते काय बदलेल. ही पेन्सिलची ओळ सोडली तर सगळी मेहनत फुकट, कारण अंदाज न करता नुसतं बघितलेलं डोक्यात राहत नाही.

क्लोजिंग स्टॉकचं तेवढं लक्षात ठेवा. टॅलीत इन्व्हेंटरी अकाउंट्सशी जोडलेली असली की क्लोजिंग स्टॉक ते स्वतः काढतं. पुस्तकातल्या गणितात मात्र क्लोजिंग स्टॉक खाली दिलेला असतो. त्यामुळे तसं गणित करताना ते जोडणं बंद करायचं आणि स्टॉक इन हँडच्या लेजरमध्ये आकडा हाताने भरायचा. हे माहीत नसल्यामुळे मुलं म्हणतात टॅलीचं उत्तर चुकलं.

तारखांचा उपाय. १, २, ३१ या तीनच तारखा असल्या तरी महिने बारा आहेत ना. पुस्तकातल्या गणितात एकाच महिन्यात पाच तारखा असतील तर त्या पुढच्या महिन्यांत पसरवा, क्रम तोच ठेवा. स्टॉक व्हॅल्युएशनसाठी हे मस्त चालतं कारण तिथे क्रम महत्त्वाचा असतो. उदाहरणच घ्या, काजू बी १ एप्रिलला १०० किलो ११० रुपयांनी घेतली, १ मेला १०० किलो १२० रुपयांनी, आणि ३१ मेला १५० किलो गेली. उरली ५० किलो. फिफोने (आधी आलेला माल आधी गेला असं धरून) ६,००० रुपयांचा स्टॉक, वेटेड ॲव्हरेजने (सरासरी भावाने) ५,७५०. आता वहीत दोन्ही तक्ते करा आणि मग टॅलीत काजू बीच्या मास्टरमध्ये कॉस्टिंग मेथड बदलून बघा, स्टॉक बदलतो आणि नफासुद्धा २५० रुपयांनी बदलतो. माल तोच, पैसे तेच, पद्धत बदलली की नफा बदलला हे बघितल्यावर मुलं जे प्रश्न विचारायला लागतात ना ते प्रश्न मला पाठांतर करणाऱ्या मुलांकडून कधीच ऐकायला मिळत नाहीत. जिथे दिवस मोजून व्याज काढायचं असतं तिथे मात्र ही युक्ती चालत नाही, ते वहीतच करा.

आणि मी तर सगळ्या मुलांना पुस्तकातली एक्स लिमिटेड आणि वाय लिमिटेड सोडून आपल्याकडची कंपनी बनवायला लावते. कोणाच्या घरी आंबा आहे, कोणाच्या मामाची काजूची फॅक्टरी, कोणाची होडी. कन्साइनमेंटचं (माल दलालाकडे विकायला पाठवण्याचं) गणित घ्या, आमच्या आधीपासून बीकॉमची मुलं त्याला घाबरतात, आणि इथे तर आंब्याच्या घरात जन्मलेली मुलं आहेत. बागायतदार वाशीला पेट्या पाठवतो, माल तिकडे दलालाच्या गाळ्यावर असतो, विकला की पट्टी येते, पट्टीवर पेट्या किती, भाव काय, भाडं-हमाली किती कापली ते सगळं असतं. घरात दर वर्षी पट्ट्या येतात आणि त्याच घरातला मुलगा अकाउंट सेल्सची (म्हणजे याच पट्टीची) व्याख्या घोकत बसतो. मी सांगते घरची जुनी पट्टी घेऊन ये, वडिलांना विचारून आण.

मग ती टॅलीत करायची. गोडाउन दोन बनवायची, एक घरचं एक वाशीचं, स्टॉक जर्नलने पेट्या इकडून तिकडे हलवायच्या. पेट्या वाशीला गेल्या तरी विक्री झालेली नाही आणि न विकलेल्या पेट्या आपल्याच स्टॉकमध्ये दिसतायत, हे स्क्रीनवर दिसलं की कन्साइनमेंट आणि सेल यातला फरक संपला. पण तिथल्या उरलेल्या मालाची किंमत वहीतच काढायची. समजा १०० पेट्या, प्रत्येकीची कॉस्ट १,५०० रुपये, वाशीपर्यंत पोचवायचा खर्च १०,०००, आणि २० पेट्या उरल्या. २० गुणिले १,५०० म्हणजे ३०,००० आणि खर्चातला पाचवा हिस्सा २,०००, एकूण ३२,०००. वाशीत विकताना झालेला खर्च यात धरायचा नाही. पिकताना थोडे आंबे जातातच तो नॉर्मल लॉस, घाटात ट्रक उलटला तो ॲबनॉर्मल लॉस, हे आपल्या मुलांना समजवावं लागतच नाही, फक्त कुठे लिहायचं ते दाखवायचं.

टीवायला (तिसऱ्या वर्षाला) जीएसटी असेल त्यांनी काजू फॅक्टरीची कंपनी नक्की बनवा. ताज्या आंब्यावर जीएसटी नाही, पण न सोललेली काजू बी नोंदणीकृत व्यापाऱ्याने शेतकऱ्याकडून थेट घेतली तर रिव्हर्स चार्ज लागतो, म्हणजे टॅक्स शेतकऱ्याने नाही, घेणाऱ्याने भरायचा. पुस्तकात रिव्हर्स चार्ज एका पॅराग्राफमध्ये संपतो. सावंतवाडी, वेंगुर्ले, राजापूर पट्ट्यात काजूवाल्याकडे नोकरीला लागलात तर सीझनला रोज तीच एन्ट्री करायची आहे.

आता टॅलीच्या बाजूला जी बाकीची टेक्नॉलॉजी असते तिच्याबद्दलही बोलायलाच हवं कारण मुलाचा अभ्यास नुसत्या एका सॉफ्टवेअरवर होत नाही. लॅपटॉप उघडला की शेजारी फोन असतोच. अमेरिकेत वेस्ट पॉइंटच्या लष्करी ॲकॅडमीत अर्थशास्त्राच्या पहिल्या कोर्सवर एक प्रयोग झाला होता, २०१७ मध्ये छापून आला, काही वर्गांत लॅपटॉप-टॅबलेट वापरायला परवानगी आणि काहींत बंदी, आणि कुठल्या वर्गात काय ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलेलं. परवानगी असलेल्या वर्गांचे फायनलचे मार्क सुमारे ०.१८ स्टँडर्ड डेव्हिएशनने कमी आले. स्टॅट्स शिकलेल्यांना कळेल की हा आकडा भयंकर मोठा नाही पण दुर्लक्ष करण्यासारखाही नाही. मला त्यातली एक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते, टॅबलेट सरांना दिसेल असा बाकावर आडवा ठेवायची अट असलेल्या वर्गांतही मार्क कमीच आले. आणि ही शिस्तीत वाढवलेली कॅडेट मुलं, त्यांचं असं होत असेल तर आपल्या मुलांना नुसतं "फोन नीट वापर" सांगून काय होणार. त्यामुळे लेक्चरला वही, आणि लॅपटॉप घरी किंवा लॅबमध्ये सरावाला, हे मी ठामपणे सांगते.

एआय चॅटबॉटचं अजून वेगळं आहे. गणिताचा फोटो काढायचा, उत्तर घ्यायचं, वहीत उतरवायचं. वही सुंदर दिसते, असाइनमेंटला पूर्ण मार्क. तुर्कस्तानात जवळपास हजार शाळकरी मुलांवर गणिताच्या विषयात केलेला अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात ज्यांना साधा जीपीटी-४ सरावाला दिला होता त्यांनी सरावात ४८ टक्के जास्त चांगलं केलं, आणि मग तो काढून घेऊन परीक्षा घेतली तर ज्यांना तो कधी मिळालाच नव्हता त्यांच्यापेक्षा १७ टक्के कमी. पण त्याच अभ्यासात तिसरा गट होता, त्यांच्या चॅटबॉटला उत्तर न देता फक्त हिंट द्यायला सांगितलेलं होतं, त्यांचं परीक्षेत नुकसान झालं नाही. ती शाळकरी मुलं, आपली कॉलेजची, विषयही वेगळा, तरी मला हे आमच्या वर्गात जसंच्या तसं दिसतं. मी मुलांना चॅटबॉटला बंदी घालत नाही, आपली सोडवलेली पायरी टाकून "माझी चूक कुठल्या ओळीत आहे तेवढंच सांग" असं विचारायला लावते. आणि इथे टॅली जिंकतं असं माझं मत आहे, कारण टॅलीला गणित वाचताच येत नाही. व्यवहार वाचून डेबिट कोणाला क्रेडिट कोणाला हे तुम्ही ठरवल्याशिवाय ते एक पाऊल पुढे जात नाही. विचार तुमचा, बेरजा त्याच्या.

व्हिडिओंबद्दल थोडक्यात, कन्सेप्ट कळला नाही तर एक व्हिडिओ बघा आणि बंद करा. दीडपट स्पीडने मॅरेथॉन बघून पेन हातात न घेतलेल्या मुलाला सगळं कळल्यासारखं वाटतं, आणि पेपरात पहिल्याच ॲडजस्टमेंटला अडतो.

लॅपटॉप नसलेल्यांनी काय करायचं हा खरा प्रश्न आहे आणि आपल्याकडे अशी मुलं खूप आहेत. टॅली प्राइम विंडोजवर चालतं, फोनवर हे काम होत नाही. नवीन लॅपटॉप यासाठी कर्ज काढून घेऊ नका, हे मी आईवडिलांना कळकळीने सांगते. सॉफ्टवेअर हलकं आहे, जुन्या मशीनवर चालतं, फक्त विंडोज ६४ बिटचं पाहिजे, सेकंडहँड घेताना दुकानातच सिस्टीम प्रॉपर्टीज उघडून बघा. दोघी-तिघींनी मिळून एक लॅपटॉप वापरला तर माझ्या मते जास्त चांगला अभ्यास होतो, एकीने वहीतून व्यवहार वाचायचा, दुसरीने एन्ट्री सांगायची, तिसरीने टाकायची, आणि वाद झाला पाहिजे, वाद झाला तर शिकणं होतंय. कॉलेजच्या लॅबमध्ये जे तास मिळतात ते सोडू नका, लॅबवाल्या सरांना विचारलं तर बहुतेक वेळा रिकाम्या तासाला बसू देतात.

क्लासबद्दल सावध राहा. आमच्या जिल्ह्यातल्या एका क्लासमध्ये गेलेली मुलं माझ्याकडे येतात, त्यांना शॉर्टकट सगळे तोंडपाठ, एफ ४ कॉन्ट्रा (आपल्याच कॅश आणि बँकेतली हलवाहलव), एफ ५ पेमेंट, एफ ६ रिसीट, पण बँकेत कॅश भरली तर कॉन्ट्रा का आणि पेमेंट का नाही हे विचारलं की गप्प. त्या मुलांनी घरच्यांचे भरपूर पैसे भरलेले असतात, वाईट वाटतं मला. क्लास लावायचाच तर आधी एक दिवस बसून बघा, शिकवणारा "का" सांगतोय की नुसतं बटण सांगतोय. आणि पेनड्राइव्हवर फिरणारं क्रॅक केलेलं टॅली टाकू नका, तीन तारखांची अडचण जाते म्हणून मुलं टाकतात, पण ते बेकायदेशीर आहे आणि त्याच्याबरोबर व्हायरस येतो, सगळ्या मशीनचा डेटा गेलेलं मी बघितलंय.

नोकरीचं म्हणाल तर ते वेगळं खातं आहे आणि तिथे टॅलीला पूर्ण मार्क. पतसंस्था असो, हॉटेल असो, बर्फाची फॅक्टरी असो, मिरकरवाड्यातला मासळीचा व्यापारी असो, मुलाखतीत पहिला प्रश्न टॅली येतं का हाच असतो. पण ते टीवायच्या वर्षातसुद्धा दोन-तीन महिन्यांत हातात बसतं, ज्याचं जर्नल पक्कं आहे त्याला तर त्याहून लवकर. त्यासाठी एफवायलाच (पहिल्या वर्षालाच) घाई करायची गरज नाही. पहिल्या सेमला फक्त वही, दिवाळीनंतर टॅली तपासणीसाठी, असा क्रम मी आमच्याकडे ठेवलाय.

शेवटी एक कामाचं, पावसाळ्यात विसरू नका. टॅलीत सेव्हचं वेगळं बटण नाही, व्हाउचर ॲक्सेप्ट केलं की सेव्ह झालं, पण एन्ट्री चालू असताना लाइट गेली आणि बॅटरी मेलेली असली तर डेटा बिघडू शकतो. ऑल्ट वाय दाबलं की डेटाचा मेनू येतो, त्यात बॅकअप आहे, बसून उठताना रोज पेनड्राइव्हवर घ्या. रिपेअरही त्याच मेनूत आहे, पण त्याच्या भरवशावर राहू नका. कोणाला आंब्याच्या कन्साइनमेंटची पूर्ण एन्ट्री लिस्ट हवी असेल तर खाली सांगा, आमच्या मुलांनी वहीत केलेली आहे, टाइप करून टाकते.